रेजिस शाळेचं देणं

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात ८४व्या रस्त्यावर रेजिस हायस्कूल नावाची मुलांची शाळा आहे. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या फादरांनी ती १९१४ साली सुरू केली. शाळेसाठी पैसा दिला ज्युलिया ग्रँट या बाईंनी. न्यूयॉर्कचे एके काळचे महापौर ह्यू ग्रँट यांच्या त्या पत्नी. पती वारल्यानंतर त्यांनी हे दान केलं आणि दोन गोष्टी मागितल्या: कॅथलिक कुटुंबांतल्या हुशार मुलांना इथे विनामूल्य शिकता यावं आणि आपलं नाव कुठे येऊ नये. त्यामुळे शाळेतल्या मुलांच्या कितीतरी पिढ्या त्यांना नुसत्या ‘दात्री’ म्हणूनच ओळखत राहिल्या.

१९५४ साली या शाळेत ब्रुकलिनचा एक मुलगा दाखल झाला. वडिलांचं औषधांचं दुकान, घर त्याच्याच माथ्यावर. लोकांची औषधं सायकलवरून घरोघर पोहोचवायचं काम या मुलाकडे. शाळेला जायला बस आणि भुयारी रेल्वे मिळून एका बाजूला तासाभराहून जास्त वेळ लागायचा. शाळेत लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, प्राचीन इतिहास, धर्मशास्त्र. उंची बेताचीच, तरी बास्केटबॉल संघाचा तो कप्तान झाला. १९५८ साली तो शाळेतून बाहेर पडला. त्याचं नाव अँथनी फाउची. पुढे डॉक्टर होऊन ते सरकारी संशोधनसेवेत गेले आणि १९८४ ते २०२२ अशी ३८ वर्षं अमेरिकेच्या संसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय संस्थेचे संचालक राहिले. रेगन यांच्यापासून बायडन यांच्यापर्यंत सात राष्ट्राध्यक्षांना त्यांनी सल्ला दिला.

कोविडच्या काळात तुम्ही त्यांना टीव्हीवर पाहिलं असेल. त्या काळातल्या त्यांच्या सल्ल्यांवरून अमेरिकेत आजही कडाक्याचे वाद चालू आहेत. त्यात मी शिरत नाही. शाळेने माणूस कसा घडवला हे मला दिसतं ते त्याआधी, एड्सच्या दिवसांत.

जून १९८१ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या काही तरुण समलिंगी पुरुषांना झालेल्या विचित्र न्यूमोनियाची पहिली नोंद छापून आली. फाउची तेव्हा वेगळ्याच विषयात नाव मिळवून बसले होते. ते काम मागे सारून ते या रोगाकडे वळले. हितचिंतकांनी समजावलं की हातचं करिअर घालवू नका. ज्या रुग्णांपासून समाज तोंड फिरवत होता, त्यांच्या खाटेशी हा डॉक्टर उभा राहिला.

तरीही रुग्णांचा संताप त्यांच्यावरच निघाला. औषधांच्या चाचण्या वर्षानुवर्षं चालत आणि माणसं तोवर मरत. १९८८ साली लॅरी क्रेमर या नाटककाराने वर्तमानपत्रात अनावृत पत्र लिहून फाउचींना खुनी ठरवलं. एड्सच्या रुग्णांसाठी लढणाऱ्या ‘ॲक्ट अप’ या संघटनेचे मोर्चे त्यांच्या संस्थेवर येऊ लागले. अशा वेळी सरकारी अधिकारी काय करतो ते आपण जाणतो: फाटक बंद, पोलिसांची गाडी, एक निवेदन. फाउचींनी निदर्शकांना आत बोलावून समोर बसवलं. घोषणा, शिव्या आणि पुतळे बाजूला ठेवून ही माणसं नेमकं काय मागताहेत ते ऐकलं. ऐकल्यावर त्यांना पटलं की मागण्या बऱ्याच अंशी बरोबर आहेत. जे रुग्ण चाचणीच्या नियमांत बसत नाहीत त्यांनाही औषध मिळावं, या मागणीला त्यांनी १९८९ साली जाहीर पाठिंबा दिला. पुढे रुग्णांचे प्रतिनिधी चाचण्यांच्या समित्यांवर बसू लागले. क्रेमर त्यांचे मित्र झाले आणि २०२० साली वारले तोपर्यंत मित्रच राहिले.

हे ऐकणं कुठून आलं? सोळाव्या शतकात जेझुइटांचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी साधकांसाठी जे पुस्तक लिहिलं, त्याच्या सुरुवातीलाच एक नियम आहे: दुसऱ्याच्या बोलण्याचा निषेध करण्याआधी त्यातला चांगला अर्थ घेता येतो का ते पाहा, येत नसेल तर तुला काय म्हणायचंय, असं त्यालाच विचार. १५९९ साली जेझुइटांनी आपल्या शाळांचा जो अभ्यासक्रम ठरवला, त्यात लेखन, उजळणी आणि वादसभा यांना मोठं स्थान होतं. लॅटिनचं वाक्य सोडवताना प्रत्येक शब्द कुठल्या शब्दाशी बांधला आहे हे शोधावं लागतं. संस्कृतचा अन्वय लावलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. विचार नेमका आणि शब्द मोजके, ही सवय आपल्याला जेझुइटांनी लावली, असं स्वतः फाउची सांगत आले आहेत, आणि लोकसेवेची ओढही.

हेही सांगायला हवं, की फाउची पुढे नेमाने चर्चला जाणारे राहिले नाहीत. ते स्वतःला मानवतावादी म्हणवतात. श्रद्धा पातळ झाली, पण शाळेत पडलेलं वळण टिकलं. रेजिसमध्ये मुलं प्रवेशपरीक्षेतून निवडून घेतली जात, तेव्हा सगळं श्रेय शाळेला देणं बरोबर नाही. पण बुद्धी घरून येते असं धरलं, तरी ती कुणाच्या कामी लावायची हे चौदाव्या-पंधराव्या वर्षी कुणीतरी सांगावं लागतं. जेझुइटांचे प्रमुख पेद्रो अरुपे यांनी १९७३ साली स्पेनमधल्या वॅलेन्सिया शहरी माजी विद्यार्थ्यांपुढे हेच उघड मांडलं: आमच्या शाळांनी इतरांसाठी जगणारी माणसं घडवायची आहेत. आणि आजवर आम्ही तुम्हाला न्यायासाठी पुरेसं घडवलं का, हा प्रश्नही त्यांनी स्वतःच्या संस्थेला विचारला.

पुण्याची सेंट व्हिन्सेंट्स, मुंबईत धोबीतलावची सेंट झेवियर्स, वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस या जेझुइटांच्याच शाळा, तिन्ही दीडशेहून अधिक वर्षं जुन्या. दुसऱ्याचं ऐकून घ्यायची ही शिकवण त्यांच्यापुरतीच राहावी असं मात्र मला वाटत नाही. ऐकणाऱ्यांत जे शिक्षक असतील, मग जिल्हा परिषदेच्या शाळेतले का असेनात, त्यांना एक विनंती आहे. यंदा वक्तृत्व स्पर्धा घ्याल तेव्हा प्रत्येक मुलाला त्याला न पटणारी बाजू द्या, आणि ती मनापासून मांडायला लावा.