सूज लपवू नका



शिबिरात सकाळपासून शिक्षण, रोजगार, कायदा यांवर बोलणं झालं. माझा विषय तुम्हाला थोडा वेगळा वाटेल: चेहऱ्यावरच्या कॉस्मेटिक ऑपरेशननंतर येणारी सूज. मी प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात परिचारिका आहे. आपल्याकडची मुलंमुलीही आता नाक, हनुवटी, पापण्या यांची ऑपरेशनं करून घेतात. कुणी लग्न जमावं म्हणून, कुणी स्वतःच्या समाधानासाठी. हे जायज की नाजायज, ही चर्चा जरूर करा, पण ती ऑपरेशनच्या आधी. टाके पडल्यावर समोरचा माणूस रुग्ण असतो. घरच्यांपासून, मोहल्ल्यापासून लपून घरी एकटा पडलेला रुग्ण जास्त धोक्यात असतो, म्हणून मी आज बोलते आहे.

सूज येतेच. ऑपरेशनमध्ये त्वचा खालच्या थरापासून सुटी करतात, बारीक रक्तवाहिन्या आणि पाण्याचा निचरा करणाऱ्या लसिकावाहिन्या तुटतात. त्यामुळे तिथे पाणी साठतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त दिसते, मग उतरू लागते. काळेनिळे डाग साधारण दोन आठवड्यांत फिके पडतात. नाकाच्या शेंड्याची सूज पूर्ण जायला वर्षही लागू शकतं. तेव्हा तिसऱ्या दिवशी आरशात बघून रडू नका.

काळजी साधी आहे. झोपताना दोन-तीन उशा घेऊन डोकं उंच ठेवा. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर पहिले ४८ तास थंड शेक द्या, एका वेळी दहा-पंधरा मिनिटं आणि कापडात गुंडाळूनच. त्वचा बधिर असते, बर्फाने भाजलं तरी कळत नाही. वाकणं, ओझं उचलणं, गरम वाफ टाळा. सिगारेट आणि हुक्का बंद, कारण त्यांनी त्वचेचा रक्तपुरवठा कमी होतो. अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्रुफेन मनाने घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. हळदीचा लेप, मालिश, हिजामा यांतलं काहीही सुजलेल्या चेहऱ्यावर नको.

नमाजबद्दल मला हमखास विचारतात. सजद्यात डोकं हृदयाच्या खाली जातं आणि चेहऱ्यात रक्ताचा दाब वाढतो. आजारी माणसाला बसून, इशाऱ्याने नमाज पढण्याची मुभा आहे, ती घ्या. जखमेला पाणी लावायचं नसेल तर वुजूसाठीही सवलती आहेत, तयम्मुम आहे. रमजान असेल तर आजाऱ्याला रोजा नंतर ठेवता येतो. औषधाची वेळ चुकवू नका.

आता धोक्याची सूज. दोन्ही बाजू सारख्या सुजल्या असतील तर सहसा घाबरायचं कारण नसतं. एकच बाजू अचानक फुगली, कडक झाली, ठणका वाढत गेला, तर आत रक्त साकळत असू शकतं. फेसलिफ्टनंतर हे बहुतेक पहिल्या २४ तासांत होतं. रक्तदाब जास्त असलेल्यांत आणि पुरुषांत त्याचं प्रमाण अधिक असतं. हे रक्त वेळेत काढलं नाही तर वरची त्वचा मरू शकते. निचऱ्याची नळी लावली आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नळी असतानाही रक्त साकळू शकतं. पापणीच्या ऑपरेशननंतर डोळा खूप दुखला, पुढे आला, अंधुक दिसू लागलं, तर नजर कायमची जाऊ शकते. मान सुजून श्वास अडला तर जीवच धोक्यात. अशा वेळी सकाळची वाट पाहायची नसते, रात्री दोन वाजता असाल तसे निघायचं.

काही दिवसांनी त्वचेखाली मऊ, पाण्याने भरलेल्या पिशवीसारखा फुगवटा आला तर ते बहुधा पिवळसर पाणी असतं. डॉक्टर ते सुईने काढतात. घरी दाबून किंवा टोचून काढू नका, जंतुसंसर्ग होईल. ताप, पू, वाढती लाली दिसली तरी लगेच दाखवा.

आणि आपला हक्कही माहीत असू द्या. सर्जनचं शिक्षण आणि नोंदणी विचारा. धोके तुम्हाला कळणाऱ्या भाषेत समजावून मागा, मराठीत किंवा उर्दूत, आणि मगच संमतीपत्रावर सही करा. घरी जाताना रात्रीही उचलला जाईल असा फोन नंबर घ्या. आपले वैद्यकीय कागद मागितल्यावर ७२ तासांत मिळायला हवेत, असा डॉक्टरांसाठीचा २००२ पासूनचा नियम आहे.

शेवटची विनंती. ऑपरेशन साऱ्या गावाला सांगू नका, पण घरातल्या एकाला सांगाच. अम्मी, बहीण, दोस्त, कुणीही चालेल. पहिल्या रात्री स्वतःचा चेहरा स्वतःला नीट दिसत नाही. तो दर दोन तासांनी बघणारं, दोन्ही गाल सारखे आहेत ना हे तपासणारं माणूस शेजारी हवं. आणि असं माणूस म्हणून कुणी तुम्हाला हाक मारली, तर उपदेश नंतर करा. आधी रिक्षा बोलवा.