उतारा मोजणाऱ्यांच्या गावात



 इथे सोनईत, नेवासे तालुक्यात, पाहुणा आला की त्याला आधी नेवाशाचा पैस खांब आणि शिंगणापूरची बिनदाराची घरं सांगायची, असा रिवाज आहे. तो मी पाळला असं समजा. आपल्या खोल्यांना मात्र दारं आहेत, कड्याही लागतात.

चिपची परिषद उसाच्या गावात कशाला, असं बऱ्याच जणांनी विचारलं. माझी नोकरी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत झाली, तेव्हा उत्तर मलाच द्यायला हवं. तिथे पोलरिमीटर असतो. पोलरायझरमधून आलेला प्रकाश रसाच्या नळीतून पाठवायचा, साखर त्याच्या कंपनाचं प्रतल फिरवते आणि ते किती फिरलं हे पलीकडच्या पोलरायझरने मोजायचं. 100 मिलिलिटर द्रावणात 26 ग्रॅम शुद्ध साखर असेल, नळी 20 सेंटिमीटरची असेल, तर काटा 100 दाखवतो. आता साधा एलसीडी पडदा घ्या. तिथेही दोन पोलरायझर, मधे साखरेऐवजी लिक्विड क्रिस्टल. ते प्रकाशाचं प्रतल 90 अंश फिरवतं. व्होल्टेज दिलं की फिरवणं थांबतं आणि तो ठिपका काळा होतो. मोबाइल खिशात येण्याच्या कितीतरी आधी हे भौतिकशास्त्र उसाच्या मुलखात पाळीपाळीने राबत होतं. आम्हाला कोणी तसं सांगितलं नाही, एवढंच.

टक्क्याच्या अंशाचं मोलही इथे शिकवावं लागत नाही. 2025-26च्या हंगामाला 10.25 टक्के उताऱ्यावर, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणावर, क्विंटलमागे 355 रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारी किमान दर, आणि त्यावरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3 रुपये 46 पैसे. पारावरचा म्हातारासुद्धा हे तोंडपाठ सांगेल. त्यालाच विचारा: फोर-के पडद्यावर 3840 गुणिले 2160 ठिपके, प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे. मायक्रोएलईडीचा पडदा असेल तर जवळजवळ अडीच कोटी दिवे झाले. त्यातले 99.99 टक्के चांगले निघाले, तरी अडीच हजार मेलेलेच. म्हणून पडद्यांच्या धंद्यात चाचणी हा शेवटचा सोपस्कार राहत नाही. धंदा टिकणार की नाही, ते तीच ठरवते.

पडदा चालवणाऱ्या ड्रायव्हर चिपला शेकडो, कधी हजारावर आउटपुट असतात. शेजारच्या दोघांत काही मिलिव्होल्टचा फरक पडला तरी उभी रेघ उमटू शकते. वेफरवर प्रोब कार्डाच्या सुया टेकवायच्या, तापवून-गारठवून मोजायचं, आणि तेही सेकंदांच्या हिशेबात, कारण टेस्टरचा वेळ महाग. चांगली चिप बाद केली तर मालक ओरडतो, वाईट सुटली तर गिऱ्हाईक. वजनकाट्यावरची भांडणं पाहिलेल्या माणसाला ही ओढाताण नवी नाही. माझं मत स्पष्ट आहे: मोजणाऱ्यावर उत्पादनाचा दाब असता कामा नये. साखरेत नको, सिलिकॉनमध्येही नको.

पडद्यामागची विद्या आपल्या देशात होती. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर यांच्या गटाने 1977 मध्ये चकतीसारख्या रेणूंचं लिक्विड क्रिस्टल जगाला दाखवलं. कारखाने मात्र हुकत गेले. इथून जवळच, चितेगावला व्हिडिओकॉनने टीव्ही बनवले. 2005 मध्ये थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला, तेव्हा जग सपाट पडद्यांकडे वळलं होतं. वेदांता-फॉक्सकॉनचा चिपचा प्रकल्प 2022 मध्ये महाराष्ट्राऐवजी गुजरातेत गेला आणि पुढच्याच वर्षी फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. त्यावर भाषणं भरपूर झाली, आज आणखी एक नको. मे 2025 मध्ये उत्तर प्रदेशातल्या जेवरला एचसीएल-फॉक्सकॉनच्या ड्रायव्हर चिप कारखान्याला केंद्राने मंजुरी दिली. तिथे माणसं लागतील. आमची मुलं कोडिंगच्या क्लासला पैसे भरतात. पण मापातल्या त्रुटीची मर्यादा काढायला, तेच मोजमाप पुन्हा घेऊन पाहायला त्यांना कोण शिकवणार? प्राध्यापकांनी या दोन दिवसांत यावर बोलावं, ही यजमान म्हणून माझी मागणी समजा.

उद्या सकाळी चहानंतर साखर प्रयोगशाळेची भेट ठेवली आहे; पोलरिमीटर स्वतः लावून पाहा. दुपारच्या जेवणात शेंगोळी आणि बाजरीची भाकरी आहे. गाळप चालू असल्याने मळीचा वास येईल; त्याची तक्रार स्वागत समिती स्वीकारणार नाही. बाकी सगळ्या तक्रारी थेट माझ्याकडे आणा.