गोवर शरीराची ओळख पुसतो
(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



कापसाचा भाव आणि विजेचे बिल बाजूला ठेवून आज मी गोवरावर बोलणार आहे. कुणी म्हणेल, हा दवाखान्याचा विषय, बैठकीत कशाला? ज्या घराला कोरडवाहू शेती पोटापुरती पुरत नाही, त्याच घरातले लेकरू लसीवाचून राहते, म्हणून तो इथे काढायचा. जव्हार-मोखाड्याकडे बघा म्हणजे पटेल.

हे दोन तालुके आधी ठाणे जिल्ह्यात होते, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आले. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी यांची वस्ती. डोंगरउतारावर नागली, वरई आणि खाचरात थोडा भात. आपल्याकडे पाऊस पडत नाही म्हणून हाल, तिकडे धो धो पडतो पण थांबत नाही म्हणून हाल. भात झोडून झाला, दिवाळी सरली की बायकालेकरांसकट माणसे भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने मुले दगावली, तेव्हा राज्यभर बोभाटा झाला. २०१६ साली मोखाड्यातले बालमृत्यू पुन्हा वर्तमानपत्रांत आले. मधल्या वर्षांत सरकारे बदलली, वीटभट्टीची वाट बदलली नाही.

कुपोषित लेकरू सहसा नुसत्या उपासाने जात नाही. न्युमोनिया, जुलाब किंवा गोवर शेवटचा धक्का देतो. त्यातला गोवर सर्वात कपटी, कारण तो उरलेल्या दोघांना दार उघडून देतो.

ते कसे, ते समजून घ्या. आपल्या रक्तात राखणदार पेशी असतात. एखादा रोग एकदा येऊन गेला की त्यातल्या काही पेशी त्याची ओळख धरून ठेवतात, काही हाडाच्या मगजात बसून त्याच्याविरुद्धची प्रतिद्रव्ये वर्षानुवर्षे तयार करतात. गोवराचा विषाणू श्वासावाटे शिरतो आणि या ओळख धरणाऱ्या पेशींनाच गाठतो. चोराने घर फोडण्याआधी राखणदार मारावा, तसे. २०१९ साली हॉलंडमधल्या, लस न घेतलेल्या ७७ मुलांचे गोवराआधीचे आणि नंतरचे रक्त तपासून निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इतर रोगांविरुद्ध जमवलेली प्रतिद्रव्ये कुणाची ११ टक्के, तर कुणाची ७३ टक्क्यांपर्यंत नाहीशी झाली होती. पुरळ आठवड्यात जातो, पण ही तूट भरून यायला दोन-तीन वर्षे लागू शकतात. गोवरातून उठलेले पोर पुढे वारंवार आजारी का पडते, त्याचे उत्तर यात आहे.

लसीत हाच विषाणू असतो, पण दुबळा केलेला. तो ओळख करून देतो, राखणदार मारत नाही. कुपोषित मुलालाही ही लस लागू पडते. 'पोर अशक्त आहे, नंतर टोचू' असे म्हणू नका. अशक्त पोरालाच ती आधी हवी. पहिला डोस ९ महिने पुरे झाल्यावर, कारण त्याआधी आईकडून आलेली प्रतिद्रव्ये लसीलाच मारून टाकतात. दुसरा १६ ते २४ महिन्यांत, कारण पहिल्या डोसाने सगळीच मुले तयार होत नाहीत. चुकलेला डोस पाच वर्षांपर्यंत सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो.

बरेच जण विचारतात, कोरोनाची लस घेतली तरी कोरोना झाला, मग लसीचा उपयोग काय? १६ जानेवारी २०२१ पासून ती लस सुरू झाली, त्यातली एक आपल्या पुण्यातच तयार होत होती. दोन रोगांतला फरक बघा. गोवर अंगात शिरल्यापासून पुरळ यायला सुमारे दोन आठवडे घेतो, तेवढ्यात ओळख धरलेल्या पेशी जाग्या होऊन त्याला गाठतात. कोरोना आणि फ्लू चार-दोन दिवसांत नाका-घशात पसरतात. वर हे दोघे रूप बदलतात. गुलाबी बोंडअळीने बीटीला दाद देणे सोडले, तशी त्यांच्यावर जुनी ओळख कमी पडते. म्हणून सर्दी-ताप होतो; पण दंडात घेतलेल्या लसीने तयार झालेल्या पेशी रोगाला फुप्फुसात मुरू देत नाहीत. माणूस झोपतो, पण जगतो. गोवर मात्र असा बदलत नाही. सत्तर वर्षांपूर्वीच्या विषाणूपासून केलेली लस आजही चालते.

मग गोवर जात का नाही? तो फार पसरतो. रोगी निघून गेला तरी खोलीतल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. शंभरातल्या ९५ मुलांना दोन्ही डोस मिळाले तरच साखळी तुटते. २०२२ साली मुंबई, मालेगाव आणि भिवंडीत गोवराची साथ आली. भिवंडी म्हणजे जव्हार-मोखाड्याच्या माणसांची मजुरीची जागा. गावातल्या यादीत पोर गैरहजर आणि भट्टीवरच्या यादीत नावच नाही, अशी ही मुले दोन्हीकडून सुटतात. आपल्याकडचेही कितीजण कोयता घेऊन उसाला जातात! त्यांच्या लेकरांची गत वेगळी नाही.

तेव्हा चार कामे गावोगाव करा. टोळी निघण्याआधी आशाताईंना बसवून प्रत्येक पोराचे डोस तपासा. लसीकरणाचे कार्ड पेटीत ठेवू नका, सोबत न्या. डोस कुठल्याही गावात घेता येतो. टोचताना बाटली किती वाजता फोडली ते विचारा, चार तासांवरची लस टोचू देऊ नका. गोवर निघालाच तर कडुनिंबाचा पाला बांधा हवा तर, पण पोराचे खाणे तोडू नका. दवाखान्यात न्या. तिथे सलग दोन दिवस 'अ' जीवनसत्त्वाचा डोस मिळतो. त्याने डोळे वाचतात, जीवही वाचतो.

पीक बुडाले तर पुढच्या खरिपाची आशा धरता येते. लेकराच्या बाबतीत दुसरा हंगाम नसतो. पुढच्या बैठकीला येताना आपल्या गावातली किती मुले डोसावाचून राहिली, तो आकडा घेऊन या.