काकूंच्या लग्नाची रिळं

आमच्या बचत गटातल्या एका काकूंनी मागच्या बैठकीला पत्र्याचे तीन डबे आणले. आत त्यांच्या लग्नाची आठ एमएमची रिळं, सासऱ्यांनी हौसेनं काढलेली. काकूंची आई चालताना-हसताना दिसते ती फक्त यांतच. झाकण काढलं तर व्हिनेगरसारखा आंबट वास!

हा वास म्हणजे फिल्म सडू लागल्याची खूण. ॲसिटेटच्या फिल्ममधून उष्णतेनं आणि दमट हवेनं आम्ल सुटतं, आणि तेच आम्ल तिला आणखी खातं. काकूंचे डबे होते माळ्यावर, तापत्या पत्र्याखाली. रिळं ठेवावीत घरातल्या थंड, कोरड्या खोलीत, कपाटात, डबे आडवे. वास येणारी चांगल्यांपासून वेगळी, आणि त्यांना थोडी हवा लागू द्या. उन्हात मात्र घालू नका, पापड नव्हेत ते.

आम्ही उत्साहानं जुन्या प्रोजेक्टरवर लावणार होतो. वीज नव्हती म्हणून वाचलो. आकसलेली फिल्म दात्यांत अडकून फाटते. आधी स्कॅन करून घ्यावी, आणि नंतरही मूळ रीळ जपावं. काकूंनी दोन रिळं स्कॅनिंगला दिलीत. तिसऱ्यासाठी गटातून कर्ज द्यायचं का, ते येत्या बैठकीत ठरवू.