सातबारा कुणाचा, माहिती कुणाची?
(वेळापूर येथे बचत गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसात जमिनीची ओल मोजणारी यंत्रं बसवली. ‘आयोटा’ या परदेशी संस्थेने २०१७ साली त्याच्याही पुढचं दाखवलं: यंत्रच आपली माहिती विकतं आणि डिजिटल चलनात पैसे घेतं.

उद्या हे आपल्या उसात आलं, तर पैसे कुणाला?

मघाशी मी विचारलं, सातबाऱ्यावर कुणाकुणाचं नाव आहे? तुम्ही एकमेकींकडे पाहिलंत. लागण, खुरपण आपलं. यंत्र मात्र मालकाच्या मोबाइलला जोडलेलं.

१९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत अनेकांनी बायकोच्या नावे जमीन केली. ते काम अजून अपुरं आहे. अर्धनारीनटेश्वराच्या या गावात यंत्र येण्याआधी सातबाऱ्यावर आपलं नाव लागलं पाहिजे.