आडनाव

२०१४ साली डिग्री घेऊन मी माणला खोली शोधत होतो. हिंजवडी फेज तीन जवळ, मेट्रोचे खांबसुद्धा नव्हते तेव्हा. नाव सांगितलं, की एजंट म्हणायचा, "खोली आत्ताच गेली." चौथ्या दिवशी एका मावशींनी विचारलं, "जेवलास का रे?" नाव नंतर विचारलं, भाडं त्याहून नंतर.

आता इथेच माझा फ्लॅट आहे. गेल्या महिन्यात त्यातली एक खोली बघायला नांदेडचा मुलगा आला. मी पहिलंच विचारलं, "आडनाव?" तो गप्प झाला. ते गप्प होणं माझ्या ओळखीचं होतं. मला वाटायचं, मी मावशींकडून शिकलो. शिकलो होतो एजंटकडूनही. 

लाज वाटली. म्हटलं, "राहू दे ते. जेवलास का?"

"नाही," तो म्हणाला. पण आडनाव सांगितलंच त्याने, खाली बघत.