पडवीतील सुतारकाम आणि सुरक्षितता



खानापूर तालुका हा सह्याद्रीच्या कुशीतील वनसमृद्ध प्रदेश होय. कणकुंबीस मलप्रभेचा उगम आहे. जांबोटी-लोंढा परिसरात दाट अरण्य आहे. सागवान, शिसव, ऐन, फणस या लाकडांशी येथील घरांचे नाते जुने. दारे-खिडक्या, पाट, देव्हारे आणि नांगर घडविणारा सुतार बहुधा आपल्या घराच्या पडवीतच काम करीत आला.

पूर्वी या पडवीत वाकस, पटाशी, रंधा व हातकरवत एवढीच हत्यारे असत. त्यांनीही जखमा होत. परंतु हात थांबला की हत्यार थांबे. विजेच्या गोल करवतीने श्रम हलके केले, पण हा जुना नियम मोडला. दहा इंच व्यासाचे पाते मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या दात्यांचा वेग सेकंदाला सुमारे ४० मीटर होतो. धोका जाणवल्यावर हात मागे घेण्यास सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतोच. तेवढ्यात पाते दहा वेळा फिरलेले असते. म्हणून येथे चपळाई वा अनुभव यांवर विसंबणे व्यर्थ होय. संरक्षण हात आणि पाते यांच्या मध्येच असले पाहिजे.

याचसाठी पात्यावर झाकण आणि पात्यामागे पोलादी पाचर बसविलेली असते. चिरलेली फळी मिटून पात्याला आवळू लागली, तर पाते ती कारागिराच्या अंगावर भिरकावते. पाचर ती चीर उघडी ठेवते. अडचण होते म्हणून ही दोन्ही काढून ठेवणे सर्वांत घातक. अरुंद तुकडा बोटांनी न सरकविता काठीने ढकलावा. पात्याच्या रेषेत उभे न राहता किंचित बाजूस उभे राहावे. सैल बाह्या, उपरणे, मनगटातील कडे वा गंडा कामापूर्वी काढावा. फिरत्या पात्याजवळ हातमोजेही नकोत. दाता मोज्यासह बोटे ओढून घेतो. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. पाते बदलताना केवळ बटण बंद न करता प्लग काढावा.

दुसरा शत्रू सूक्ष्म धुळीचा. इंग्लंडमधील फर्निचर कामगारांत नाकाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असल्याचे संशोधकांनी १९६८ साली दाखविले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीची गणना माणसास कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. शिसव व सागवान यांच्या धुळीने काहींच्या त्वचेस खाज सुटते, दमाही जडतो. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवीत नाही. चेहऱ्यावर घट्ट बसणारा धूळरोधक मास्क हवा. भुसा झाडण्यापूर्वी त्यावर पाणी शिंपडावे.

पडवी हे घरही असते. तेथे मुले खेळतात. म्हणून काम थांबताच प्लग काढून यंत्र झाकून ठेवावे. पावसाळ्यातील ओलीमुळे विजेचा धक्का बसण्याचा धोका वाढतो. यंत्रास अर्थिंग असावे आणि गळतीचा प्रवाह तोडणारा स्विच बसवावा. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप तापून पेट घेतो. त्या पसरून वाळवाव्यात.

अपघात झालाच, तर स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून हात उंच धरावा. बोट तुटल्यास ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिक पिशवीत घालावे व ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात वा पाण्यात टाकू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. खानापूरहून बेळगाव सुमारे २५ किलोमीटर आहे; दूरच्या वाड्यांना प्रवास अधिक. पडवीतील प्रत्येकाने ही कृती आधीच शिकून ठेवावी, हे उत्तम.

कारखान्यात सुरक्षेची तपासणी करणारा निरीक्षक येतो. पडवीत तो येत नाही. तेथे घरधन्यालाच निरीक्षक व्हावे लागते. शिक्षकांनी ही माहिती विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोहोचवावी. २०२३ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत सुतारांसाठी प्रशिक्षणाची आणि अवजारांकरिता १५,००० रुपयांपर्यंतच्या साहाय्याची तरतूद करण्यात आली. ग्रामपंचायतीने कारागिरांना तिची माहिती द्यावी.

खंडेनवमीला सुतार आपली हत्यारे धुऊन-पुसून पूजतो. त्याच दिवशी झाकण जागेवर आहे का, पाचर सरळ आहे का, वायर कोठे उघडी पडली आहे का, हे पाहण्याचा प्रघात पडावा. पूजेच्या ताटाला हात लावणारी दहाही बोटे पुढील वर्षी शाबूत असणे, हेच त्या पूजेचे फळ होय.